खिंडीतले सात आणि आजऱ्यातले दोन

कोवाड, नेसरी आणि आजरा ही तीन गावं एसटीनं एका दिवसात उरकून रात्री घरी जेवायला येता येतं. कोल्हापूर जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा कोपरा. एका अंगाला घाट आणि त्याखाली कोकण, दुसऱ्या अंगाला बेळगाव. मराठी ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीचं निम्मं दुकान या कोपऱ्यात मांडलंय, असं मी पुण्यातल्या माणसाला सांगतो तेव्हा तो गाववेड्याकडं बघावं तसं बघतो. मग मी हिशेब घालतो. रणजित देसाई कोवाडचे, ताम्रपर्णीच्या काठचे. 1962 साली त्यांची ‘स्वामी’ आली, पुढं ‘श्रीमान योगी’. शिवाजी सावंत 1940 साली आजऱ्यात जन्मले. 1967 साली ‘मृत्युंजय’, 1979 साली ‘छावा’. आमच्या नेसरीनं एवढा कादंबरीकार दिला नाही, पण विषय दिला. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि पडले, ते इथं. उमराणीला हाती आलेला खान सोडून दिला म्हणून महाराजांचे कडक शब्द आले होते, ते सरनौबतांच्या जिव्हारी लागले होते. सरनौबत आणि सहा साथीदार अशी सातांची गोष्ट लोकांनी जपली, कुसुमाग्रजांच्या कवितेनं ती घराघरांत नेली. नेसरीच्या पोराला इतिहास शिकवावा लागत नाही. खिंडीत नेऊन उभं केलं की पुरतं.

मी वाचायला लागलो ते सत्तरचं दशक. वाचनालयात अशा कादंबरीची एकच प्रत असायची आणि ती कायम कुणीतरी नेलेली असायची. खाकी कव्हर, पाठीवर शाईनं घातलेला दाखल क्रमांक, आत जांभळा शिक्का. ‘मृत्युंजय’ची प्रत तर इतकी हाताळलेली की शेवटची पानं कुणीतरी गोधडीच्या दोऱ्यानं शिवून टाकली होती. मी आणि माझा मित्र, दोघांत मिळून एक वर्गणी. पुस्तक दिवसा त्याच्याकडं, रात्री माझ्याकडं. त्यामुळं पुस्तकात खुणा दोन असायच्या. माझी एसटीच्या तिकिटाची, त्याची मोरपिसाच्या काडीची. ही काडी कुठून यायची ते पुढं सांगतो. तो पुढं गेला की मुद्दाम एखादं वाक्य बोलून दाखवायचा, मी कानांत बोटं घालायचो. कर्णाचा खरा मित्र कोण, दुर्योधन की अश्वत्थामा, यावर आमची शाळेच्या वाटेवर भांडणं झालेली आहेत. दुर्योधनानं मैत्री केली नाही, गुंतवणूक केली, असं तो म्हणायचा. हा शब्द त्या वयात त्याला कुठून सापडला कोण जाणे. बहुधा सोसायटीच्या मीटिंगांना जाणाऱ्या वडिलांकडून.

त्या कादंबऱ्यांनी आम्हाला मैत्रीची एक व्याख्याच पाठ करून दिली. मित्र म्हणजे जो आपल्या आधी मरतो तो. बाजीप्रभू घोडखिंडीत, तानाजी कोंढाण्यावर, प्रतापरावांबरोबरचे सहाजण आमच्याच उंबऱ्यावर, आणि संभाजीराजांसोबत अखेरपर्यंत गेलेला कवी कलश. सोबत सिद्ध व्हायची ती मरणानं. वाईट काहीच नव्हतं त्यात; रडू खरं यायचं, छाती खरी भरून यायची. पण दोन माणसं वर्षानुवर्षं एका छपराखाली राहतात, एकमेकांचं दुखणंखुपणं बघतात, एकाचं काम दुसरा पुढं नेतो, आणि तलवार कुठंच नाही, अशी मैत्री त्या पानांत फारशी भेटली नाही. ती ज्यांच्यात सर्वांत सहज असायला हवी ते म्हणजे संन्यासी, मुनी, मठातले लोक. आणि ऐतिहासिक कादंबरीतल्या संन्याशाला आम्ही चांगले ओळखून होतो. तो प्रकरणाच्या शेवटी झाडाखाली भेटणार. राजा पाया पडणार. तो पुढचं काहीतरी सूचक बोलणार, प्रसाद म्हणून मूठभर माती नाहीतर नारळ देणार आणि अंधारात नाहीसा होणार. फारच झालं तर त्याच्या कुबडीत गुप्ती निघणार आणि त्याचा मठ स्वराज्याचं टपालघर ठरणार. भुदरगडच्या पायथ्याकडं पाटगावला मौनी महाराज होऊन गेले, शिवाजी महाराजांची त्यांच्यावर श्रद्धा होती. तेही कादंबरीत आले तर येतात आशीर्वादापुरते. या बैराग्याला मित्र असेल, त्याच्याशी तो कधी भांडला असेल, आजारपणात कुणी त्याला पेज भरवली असेल, हा विचार कादंबरीकाराला पडत नव्हता. आम्हालाही नव्हता.

मात्र घरात श्रावण लागला की वेगळं काही घडायचं. पोथी निघायची. मालू कवीचा नवनाथ भक्तिसार, चाळीस अध्याय, 1819 सालचा ग्रंथ. आमच्याकडं संध्याकाळी तो मोठ्यानं वाचायचे आणि शेजारपाजारचे येऊन बसायचे. त्यात गोरक्षनाथ आणि कानिफनाथ यांची गाठ पडते तो भाग मला तोंडपाठ होता. दोघेही जोगी, दोघेही सिद्ध, दोघांनाही आपल्या गुरूचा अभिमान. आंब्यांच्या झाडाखाली विद्येची जिरवाजिरवी होते, टोमणे होतात. कानिफा म्हणतो, तुझा गुरू मच्छिंद्र स्त्रीराज्यात जाऊन सगळं विसरून बसलाय. गोरक्ष म्हणतो, तुझा गुरू जालंदर गोपीचंदानं खड्ड्यात पुरलाय, तुला पत्ता आहे का? लागट बोलणं, पण त्या बोलण्यानंच दोघांना आपापला हरवलेला गुरू सापडतो. एकमेकांना खिजवत खिजवत दोघं एकमेकांचं केवढं मोठं काम करून गेले! आमच्या ओसरीवर इथं हमखास हसू फुटायचं. मी आजही म्हणतो, मराठीत दोन बैराग्यांच्या मैत्रीचा याहून जिवंत प्रसंग दाखवा. त्यात चमत्कार आहेत, होऊ देत. माणसं खरी आहेत.

मोठेपणी गो. नी. दांडेकरांची ‘मोगरा फुलला’ वाचली, तेव्हा आणखी एक दार उघडलं. ज्ञानदेवांच्या आयुष्यावरची ही कादंबरी लिहिणारा माणूस स्वतः पोरवयात घर सोडून निघालेला, गाडगेबाबांसोबत राहिलेला, नर्मदेची परिक्रमा पायी केलेला. साधूंच्या मेळ्यात भूक कशी लागते, पाय कसे सुजतात, कोण कुणाला आपली भाकरी देतो हे त्यांना ऐकीव नव्हतं. ज्ञानदेव-नामदेव ही आपल्याकडची सगळ्यांत लाडकी जोडी. तीर्थावळीत दोघं बरोबर हिंडले, आणि 1296 साली आळंदीत ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा मागं राहिलेल्या नामदेवांनी जो शोक केला तो सातशे वर्षं वारकरी गातायत. पण नामदेव पडले बायकापोरांचे, शिंप्याच्या घरचे. दोघांतला एकही मठात राहणारा नव्हे. मठात किंवा संघात राहणाऱ्या दोघांची गोष्ट, जिथं घर नाही, नातं नाही, मालकीचं काही नाही आणि तरीही जीव लागतो, ती बाकीच राहिली.

आता मोरपिसाची काडी.

माझा मित्र जैन. चतुर्थ समाजातलं शेतकरी घर. दिगंबर मुनींच्या हातात मोरपिसांची पिंछी असते, बसण्याआधी किडामुंगी हळुवार बाजूला करायला. जुनी झाली की ती बदलतात, आणि जुनी पिंछी श्रावकाच्या घरी मोठ्या मानानं जाते. त्यांच्या पाहुण्यांकडं अशी एक होती, आणि तिच्यातून गळलेल्या काड्या आमच्या पुस्तकात खुणा म्हणून यायच्या. देवाच्या वस्तूची खूण करतोस म्हणून त्याच्या आईनं त्याला एकदा चांगलाच हाणला होता, ते वेगळं.

मुनी विहार करत आमच्या भागातून जायचे. पुढचं गाव ठरलेलं नाही, वाहन नाही, पायांत काही नाही. सकाळी आहाराच्या वेळी घराघरांपुढं सोवळ्यातली माणसं कलश घेऊन उभी राहायची आणि मुनींना थांबण्याची विनंती करायची. मुनी उभ्यानं, ओंजळीत, दिवसातून एकदाच जेवायचे. हे पाहायला आम्हा इतरांच्या घरची पोरंही जमायची. मला मात्र लक्षात राहिली ती संध्याकाळ. दोन मुनी मुक्कामाला होते. एक वयस्कर, चालून चालून गुडघा सुजलेला. दुसरा तरुण. सूर्य मावळतीला गेला, लोक पांगले आणि तो तरुण मुनी म्हाताऱ्यापाशी बसून त्यांचा पाय दाबत राहिला. बोलणं कानडी-मराठी मिसळून, हळू आवाजात. मध्येच म्हातारे काहीतरी म्हणाले आणि दोघंही हसले. मुनी हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी मित्राला विचारलं, ‘‘गुरू-शिष्य काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘न्हाई गा. बरोबरीचेच असतील. पर सेवा करायलाच लागती, त्याला वैयावृत्त्य म्हणत्यात.’’

तपाचे बारा प्रकार जैन सांगतात, सहा बाहेरचे आणि सहा आतले. उपवास हा बाहेरचा. सहसाधूची सेवा हा आतला, ध्यान आणि स्वाध्याय यांच्या ओळीतला. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ही सेवा कुणाकुणाची करायची त्याची यादी आहे. आचार्य, उपाध्याय, तपस्वी, नवशिके, आजारी असे दहाजण. म्हणजे पाय दाबणं हे उपवासाच्या तोडीचं तप झालं. वडीलधाऱ्यानं सांगितलं म्हणून केलेलं काम वेगळं आणि स्वतःच्या साधनेचा भाग म्हणून केलेलं वेगळं. त्या संध्याकाळचं हसू दुसऱ्या जातीचं होतं.

फार वर्षांनी, कोल्हापूरच्या शिलाहारांविषयी वाचताना, ही संध्याकाळ मला थेट 1205 सालात भेटली. शके 1127. पन्हाळ्याहून दुसरा भोज राज्य करत होता, शिलाहारांच्या गादीवरचा शेवटचा राजा. आजरा तेव्हा आर्जुरिका. भोजाचा आजा गंडरादित्य यानं तिथं बांधलेलं त्रिभुवनतिलक नावाचं जिनालय होतं. हा गंडरादित्य मोठा दिलदार. मिरजेच्या भागात त्यानं तळं खोदलं आणि काठावर शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची देवळं उभी केली. तर आजऱ्याच्या त्या जिनालयात सोमदेव नावाच्या मुनीनं ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा ग्रंथ पुरा केला. पूज्यपादांचं जैनेंद्र व्याकरण, त्याच्या शब्दार्णव नावाच्या पाठावरची ही वृत्ती. ग्रंथाच्या शेवटी सोमदेवानं सगळा पत्ता नीट लिहून ठेवलाय. देश, गाव, देऊळ, राजा, शक, संवत्सर. आणि या सगळ्यात आणखी एक नाव. विशालकीर्ती पंडितदेव. हे काम त्यांच्या वैयावृत्त्यातून झालं, असं सोमदेव नोंदवतो.

आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, हिरण्यकेशीकाठचं रामतीर्थ, शिवाजी सावंतांचं गाव, एवढी आजऱ्याची ओळख आम्हाला होती. आठशे वर्षांपूर्वी तिथं दोन मुनी एका व्याकरणावर मान मोडत बसले होते, हे कुणी बोललं नव्हतं.

त्या नोंदीनं मला पछाडलं, कारण तिच्यात दोन माणसांचे स्वभावच आहेत. विशालकीर्तींना लावलेली पदवी काय? प्रतिवादी हेच हत्ती, आणि हे त्यांच्यावरचा वज्राचा अंकुश. म्हणजे वादसभा गाजवणारा गडी. समोरच्याला बोलू न देणारा असणार, आवाज मोठा असणार. आणि सोमदेव स्वतःविषयी काय सांगतो? पूज्यपादांवर आपलं चित्त जडलं आहे. सातशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या वैयाकरणावर जीव जडलेला माणूस! एक सभेतला, एक पोथीतला. एकाचं काम बोलण्याचं, दुसऱ्याचं प्रत्यय तपासण्याचं. असे दोघे एका देवळात राहिले. त्यातही ती समासातली नोंद अशी आहे की सेवा विशालकीर्तींनी केली की विशालकीर्तींची केली, दोन्ही अर्थ निघावेत. मोठा वादी आजारी होता आणि सोमदेव त्याच्या उशाशी बसून वृत्ती लिहीत होता? की सोमदेवाच्या डोळ्यांना दिसेना झालं आणि सभा सोडून विशालकीर्ती त्याला वाचून दाखवत होता? अभ्यासक कुठला अर्थ घ्यायचा ते घेवोत. कादंबरीकाराला याहून सुपीक जमीन कोण देणार?

शिवाय मुनींच्या जगण्याचे नियम गोष्टीला किती मदत करतात बघा. मुनीनं जवळ बाळगायच्या वस्तू तीन. पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. मित्राला भेट काय देणार? अंगठी नाही, शेला नाही, फळसुद्धा नाही. देता येण्याजोगी एकच वस्तू, पोथी. विस्तव पेटवायचा नाही, तेव्हा लिहिणं दिवसाउजेडीच. आजऱ्याच्या पावसाळ्यात उजेड तो किती? चार महिने बाहेर धुवांधार आणि विहार बंद. चातुर्मासात एका जागी अडकलेले दोन विद्वान. त्यांच्यात मतभेद होणार, अबोला होणार. व्याकरणावरून होणारा अबोला हा भाऊबंदकीहून चिवट असतो, हे कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डोकावून पाहिलेल्याला पटेल. आणि या सगळ्यावर एक टांगती तलवार. जैन परंपरा सांगते की गौतम गणधरांना केवलज्ञान होईना, कारण गुरू महावीरांवरचा त्यांचा स्नेह सुटत नव्हता. स्नेह हाही पाशच. म्हणजे सेवा करायची, ते तप आहे. पण जीव जडवायचा नाही, तो अडसर आहे. या दोन दगडांवर पाय ठेवून मैत्री कशी करायची? खिंडीतल्या सातांना हा पेच नव्हता.

हा पेच जगातल्या सगळ्याच मठांना पडला. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या रिव्हो मठाचा मठाधिपती एल्रेड, 1167 साली वारलेला, म्हणजे आपल्या सोमदेवाच्या एखाद पिढी आधीचा. त्यानं साधूंच्या मैत्रीवर एक अख्खा संवादग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला आणि मैत्री ही देवाकडं जाणारी वाटच आहे, अशी बाजू मांडली. मठातल्या दोघांनीच एकमेकांत फार रमू नये, असं पुष्कळ मठांना वाटत आलं, तिथं हा माणूस उलटं सांगत होता. आणि तिकडच्या कादंबरीकारांनी या मठांचं सोनं केलं. हेर्मान हेसेनं 1930 साली नार्सिस आणि गोल्डमुंड ही जोडी उभी केली, एक मठात राहणारा आणि एक मठ सोडून हिंडणारा. उंबेर्तो एकोच्या 1980 सालच्या कादंबरीत 1327 सालचा इटलीतला मठ आहे, प्रौढ विल्यम आणि कोवळा आद्सो आहेत, आणि खुनाच्या तपासाआड त्यांचा एकमेकांवरचा जीव आहे. एलिस पीटर्स या बाईंनी तर 1977 पासून श्रूजबरीच्या मठातला औषधी वनस्पती लावणारा कॅडफेल घेऊन वीस कादंबऱ्या लिहिल्या, त्यावर मालिका निघाली, आणि ते गाव पाहायला पर्यटक जाऊ लागले. आमच्या आजऱ्याला पर्यटक आंबोलीच्या वाटेवर चहाला थांबतात.

आता काय आहे? आजचा काळ मला नावं ठेवण्यासारखा वाटत नाही. उलट एक गोष्ट आधीच कबूल करतो, आमच्या वेळी या दोन मुनींना कुणी विचारलं नव्हतं आणि आत्ताही विचारत नाही. फरक आहे तो आसपासच्या गोष्टींत. 2025 साली ‘छावा’ पडद्यावर आला. आजऱ्यात जन्मलेल्या लेखकाची कादंबरी हिंदीतून देशभर गेली, थिएटरात लोक रडले, घोषणा दिल्या. आम्ही जे अनेक रात्री पुरवून वाचलं ते तीनएक तासांत झालं. कवी कलश आणि संभाजीराजे यांच्यातला स्नेह पुस्तकात हळूहळू शिजतो. पडद्यावर त्याला वेळ कुठून मिळणार? प्रतापरावांवरच्या सिनेमाची 2022 साली मोठी घोषणा झाली होती, तेव्हा गावात चर्चेला नुसता ऊत आला होता. स्मारकापाशी आता पोरं मोटरसायकलवर येतात, कुणी भगवा फेटा बांधून व्हिडिओ करतं, मागं गाणं लावतं. त्यातल्या एकानं मला सहाजणांची नावं न अडखळता म्हणून दाखवली. आम्हाला त्या वयात तीन यायची. वाचनालयात आता प्रती पुष्कळ आहेत, वाट बघावी लागत नाही; आणि वाट बघताना जी भांडणं व्हायची तीही होत नाहीत.

नवनाथ आता सकाळी स्वयंपाकघरात मोबाईलवर लागतो. आवाज गोड, पाठीमागं बासरी. अध्याय वाजून जातो, फोडणी बसते, आंब्याच्या झाडाखाली गोरक्ष-कानिफांचं भांडण होऊन मिटतंसुद्धा, पण ओसरीवर जे हसू फुटायचं ते फुटत नाही, कारण हसायला दुसरं माणूस लागतं.

मुनींचा विहार मात्र चालू आहे. संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झाला, ट्रक सुसाट जातात. त्या कडेनं पहाटे मुनी चालताना दिसतात. पुढं-मागं टीशर्ट घातलेली तरुण मुलं, मागं दिवा लुकलुकवत येणारी गाडी. आमच्या वेळी हे नव्हतं, तेव्हा रस्त्यावर भीती साप-विंचवाची असायची. पण गेल्या पावसाळ्याआधी मी पाहिलं, दोघे मुनी होते, एक जरा लंगडत होते आणि दुसऱ्यांनी आपली चाल त्यांच्या चालीला लावून घेतली होती. सोबतच्या पोरांना घाई होती, ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचा होता. मुनींना नव्हती.

आणि अशी गोष्ट आपल्याच शेजारी, अगदी अलीकडं घडून गेलेली आहे. बेळगाव जिल्ह्यातलं सदलगा, चिकोडीकडचं. 1946 साली तिथं जन्मलेला मुलगा राजस्थानात ज्ञानसागर नावाच्या वृद्ध मुनींकडं गेला. ज्ञानसागर संस्कृतचे कवी, महाकाव्य लिहिलेले. त्यांनी या कानडी मुलखातल्या पोराला भाषा शिकवली, व्याकरण शिकवलं, 1968 साली दीक्षा दिली. 1972 साली त्यांनी आपलं आचार्यपद त्याच्या हाती दिलं, आणि मग त्याच्यापुढं बसून, शिष्यासारखे हात जोडून, आपल्या सल्लेखनेची, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवण्याच्या व्रताची, जबाबदारी घेण्याची विनंती केली. गुरू खाली बसला, शिष्य वर. 1973 साली नसीराबादला ज्ञानसागरांनी देह ठेवला, तोवर तरुण आचार्यानं त्यांची सेवा केली. हे आचार्य विद्यासागर; 2024 साली तेही गेले. त्याच सदलग्याचे आ. ने. उपाध्ये, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवणारे. हिरालाल जैन यांच्या जोडीनं त्यांनी कितीतरी प्राचीन जैन ग्रंथांच्या प्रकाशनाचं काम वर्षानुवर्षं पाहिलं. दोघेही संसारी, पण पोथीभोवती जमलेली जोडी म्हणून मला तेही सोमदेव-विशालकीर्तींच्या कुळातले वाटतात. सदलगा फार मोठं गाव नव्हे. आमच्या भागात ही माणसं इतकी दाटीनं कशी निपजतात याचं मला नवल वाटतं, आणि ती आपल्या कादंबरीत का येत नाहीत याचं त्याहून जास्त.

मित्र आता गडहिंग्लजला असतो. त्याला मी हे सगळं मध्यंतरी सांगितलं. म्हटलं, कुणीतरी लिहायला पाहिजे. 1205 पासून सुरू करायचं, आणि सात-आठ वर्षांतच देवगिरीच्या सिंघणानं भोजाचं राज्य बुडवलं तिथवर न्यायचं. राज्य जातं, पोथी उरते.

‘‘आणि त्यात घडणार काय गा?’’ त्यानं विचारलं. ‘‘लढाई सिंघणाची. ह्यांचं काय? एक लिहितोय, एक पाय दाबतोय.’’

मी म्हटलं, ‘मृत्युंजय’सारखं करायचं. प्रत्येकानं आपापलं सांगायचं. आधी सोमदेव, मग विशालकीर्ती, मग गावातला एखादा श्रावक, मग ज्यानं ताडपत्रं कापून दिली तो. विशालकीर्तीचा भाग मोठा ठेवायचा, कारण ग्रंथावर नाव सोमदेवाचं, आणि ज्याचं नाव मागं राहतं त्याच्या पोटात गोष्टी जास्त असतात.

तो बराच वेळ विचार करत राहिला. पूर्वी कर्णासाठी भांडायचा तेव्हा असाच भुवया गोळा करायचा. मग म्हणाला, ‘‘तुझं सगळं बरोबर हाय, पर मुनी ‘मी’ म्हणून कसा बोलंल? ज्यानं मीपणा सोडलाय त्याच्या तोंडी दोनशे पानं आत्मकथन घालणार तू? सावंतांचा कर्ण बोलतोय, कारण त्याला कुणीतरी आपलं ऐकायला पाहिजे होतं. ह्यांना नको होतं.’’

मग त्या ताडपत्रं कापणाऱ्याच्या तोंडून सांगू, असं मी म्हटलं. त्याला व्याकरण कळत नव्हतं, दोघं मात्र रोज दिसत होते. त्यावर तो म्हणाला की मग तो माणूस आजऱ्याचा पाहिजे, कोल्हापूरहून आणलेला नको, आणि त्याची भाषा कानडी ठेवणार का मराठी, ते आधी सांग. त्यावर आमचं अजून चाललंय.